पटिंगचा पवित्रा : गोल्फच्या नियमेतिहासातील एक प्रकरण

१ जानेवारी १९६८ पासून गोल्फच्या नियमावलीत एक नवे कलम अमलात आले. हिरवळीवर चेंडू टोलविताना खेळाडूने चेंडूपासून खळग्यापर्यंत जाणाऱ्या रेषेच्या दोहों बाजूंस एकेक पाय टाकून उभे राहू नये, आणि त्या रेषेस किंवा चेंडूच्या मागे काढलेल्या तिच्या विस्तारास आपले पाऊल लागू देऊ नये, असा त्याचा आशय होता. कलम अवघ्या एका वाक्याचे. परंतु गोल्फच्या लिखित नियमांच्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात त्यास वेगळे स्थान द्यावे लागते. काठी कशी असावी, चेंडू केवढा असावा, खळगा किती रुंद असावा, चेंडू पाण्यात गेल्यास काय करावे, ह्या सर्व गोष्टींचा विचार नियमांनी त्यापूर्वी केला होता. मात्र माणसाने स्वतःचे शरीर कोणत्या दिशेस वळवून उभे राहावे, हे सांगण्याच्या भरीस नियमकार पडले नव्हते. ते का पडले, आणि पडल्यावर त्यांना कोणत्या वाटेने जावे लागले, हे पाहणे उद्बोधक आहे.

ज्या वाचकांचा ह्या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा अवश्य आहे. गोल्फच्या मैदानावर अठरा खळगे असतात व प्रत्येक खळग्याभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते. चेंडू दुरून मारीत ह्या हिरवळीवर आणावयाचा आणि तेथून ‘पटर’ नावाच्या काठीने हलकेच लोटल्याप्रमाणे टोलवून खळग्यात घालावयाचा. ह्या शेवटच्या क्रियेस ‘पटिंग’ म्हणतात. खळग्याचा व्यास १८९१ पासून सव्वाचार इंच ठरलेला आहे. अडीचशे यार्डांचा घणाघाती टोला आणि दोन फुटांवरून केलेला हळुवार स्पर्श ह्या दोहोंची किंमत गुणपत्रकात सारखीच, म्हणजे एक. प्रमाणभूत धावसंख्या ७२ धरली तर तिच्यापैकी निम्मे, म्हणजे ३६ टोले, हिशेबाने पटिंगचेच असतात. ज्या कामास बळ लागत नाही, उंची लागत नाही, तारुण्यही लागत नाही, त्या कामावर अर्धा खेळ अवलंबून असावा ही गोल्फची विचित्रता होय. पुढील सारा वाद ह्या विचित्रतेतून उद्भवला आहे.

पटिंगचा रूढ पवित्रा आडवा असतो. खेळाडू रेषेला समांतर उभा राहतो. खळगा त्याच्या समोर नसून डाव्या खांद्याच्या बाजूस असतो. चेंडूकडे खाली पाहावयाचे आणि मग मान फिरवून लक्ष्याकडे पाहावयाचे, अशी ही रचना आहे. लांब टोल्यासाठी ती योग्यच होय, कारण तेथे सबंध धड पिळून मोकळे करावयाचे असते. परंतु दोन-चार फुटांच्या अंतरासाठी ती तितकीशी सोयीची नाही. गोटी टाकणारा मुलगा, विटीवर नेम धरणारा गडी किंवा बंदूक रोखणारा शिपाई लक्ष्याकडे तोंड करतो. गोल्फपटूने मात्र कानाच्या दिशेस नेम धरावा अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा निसर्गाने घातलेली नाही, परंपरेने घातलेली आहे, हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी वेळोवेळी वेगळे पवित्रे शोधले.

आरंभीच्या काळात ह्या बाबतीत कोणताही एक साचा नव्हता. लीथ येथील खेळाडूंनी १७४४ मध्ये सिद्ध केलेल्या तेरा नियमांपैकी एक खळग्याजवळच्या खेळासंबंधी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवर नेम न धरता प्रामाणिकपणे खळग्याच्या रोखाने खेळावे, एवढेच तो सांगतो. कसे उभे राहावे ह्याविषयी तो मौन पाळतो. त्या वेळच्या हिरवळी आजच्यासारख्या गुळगुळीत नव्हत्या. गवत खरबरीत, जमीन उंचसखल. चेंडू उजव्या पावलापाशी ठेवून, अंग निम्मे लक्ष्याकडे वळवून खेळण्याची तऱ्हा एकोणिसाव्या शतकात पुष्कळांची होती. जवळचे टोले चुकविण्याची व्याधीही तेवढीच जुनी आहे. १८६१ ते १८६७ ह्या काळात चार वेळा ओपन अजिंक्यपद मिळविणारा थोरला टॉम मॉरिस ह्याबद्दल इतका प्रसिद्ध होता की, केवळ ‘आखूड टोले चुकविणारा, प्रेस्टविक’ एवढ्या पत्त्यावर टाकलेले पत्र टपालवाल्याने त्याच्या हाती नेऊन दिले, अशी आख्यायिका आहे. पुढे नियमांत एक तत्त्व मात्र स्पष्टपणे आले : चेंडू काठीच्या डोक्याने सरळपणे मारला पाहिजे, तो ढकलू नये, खरवडू नये, उचलून टाकू नये. निर्बंध येथे टोल्यावर आहे, टोलविणाऱ्याच्या देहावर नाही. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

पहिला संघर्ष पवित्र्यावरून न होता हत्यारावरून झाला. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे राहणाऱ्या आर्थर नाइट ह्या गृहस्थाने ॲल्युमिनियमच्या डोक्याचा एक पटर तयार केला व १९०३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. त्याचा दांडा डोक्याच्या टोकास न जोडता मध्याजवळ जोडलेला होता. पुढच्याच वर्षी सँडविच येथील ब्रिटिश हौशी अजिंक्यपदाच्या स्पर्धेत वॉल्टर ट्रॅव्हिस हा पटर घेऊन उतरला. ट्रॅव्हिस जन्माने ऑस्ट्रेलियन, वास्तव्याने अमेरिकन. वयाच्या पस्तिशीच्या आसपास ह्या खेळाकडे वळलेला आणि टोल्याच्या लांबीत बेताचा. अंतिम सामन्यात त्याची गाठ एडवर्ड ब्लॅकवेल ह्या त्या काळच्या अत्यंत लांब टोले मारणाऱ्या खेळाडूशी पडली. ब्लॅकवेलने दूरवर मारावे आणि ट्रॅव्हिसने हिरवळीवर ते सारे भरून काढावे, असा तो सामना झाला. ट्रॅव्हिस ‘चार आणि तीन’ अशा फरकाने विजयी ठरला. ब्रिटिश बेटांबाहेर हे अजिंक्यपद जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने १९१० मध्ये मध्यभागी दांडा असलेल्या, मोगरीसारख्या डोक्याच्या काठ्या निषिद्ध ठरविल्या. अमेरिकन लेखकांनी ह्यास ट्रॅव्हिसच्या विजयाचा सूड म्हटले आणि ती समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. ती संपूर्णपणे ग्राह्य मानता येत नाही. दोन घटनांमध्ये सहा वर्षांचे अंतर आहे. शिवाय निर्णयाचे तात्कालिक निमित्त न्यूझीलंडमधील एका क्लबाने केलेली पृच्छा हे होते, आणि ती पृच्छा क्रोके ह्या खेळातील मोगरी पटिंगसाठी वापरता येईल काय अशी होती. क्रोके खेळणारा आपल्या दोन पायांमधून मोगरी झुलवितो. म्हणजे १९१० च्या बंदीच्या पोटात पवित्र्याचा प्रश्न होताच. नियमकारांनी त्यास हत्याराच्या प्रश्नाचे रूप दिले इतकेच. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने ही बंदी मानण्याचे नाकारले आणि दोन नियमसंस्थांमध्ये पहिली फूट पडली. १९५१ मध्ये दोन्ही संस्थांनी एकत्र बसून समान नियमावली सिद्ध केली, ती १९५२ पासून लागू झाली, आणि मध्यदांड्याच्या पटरवरील ब्रिटनमधील बंदी उठली. चाळीस वर्षे हत्यारावर पहारा ठेवून संस्थेने जे दार बंद ठेवले होते ते असे उघडले गेले. त्यातून आत काय येऊ शकते ह्याचा विचार त्या वेळी कोणी फारसा केलेला दिसत नाही.

दोन महायुद्धांमधील काळात रूढ पवित्र्यापासून सर्वांत दूर गेलेला नामांकित खेळाडू म्हणजे लिओ डीगेल. तो कमरेत पुरा वाकत असे, हनुवटी पटरच्या मुठीपाशी नेत असे आणि दोन्ही कोपरे पंखांप्रमाणे बाहेर काढीत असे. मनगटांना काम उरू नये, सारी हालचाल खांद्यांतून व्हावी, हा त्यामागील हेतू. ब्रिटिश लेखकांनी त्याच्या आडनावापासून एक क्रियापदच बनविले. ह्या पवित्र्याने त्याने १९२८ व १९२९ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेचे पी. जी. ए. अजिंक्यपद जिंकले; आणि ह्याच पवित्र्यात उभे राहून १९३३ साली सेंट अँड्र्यूजच्या अखेरच्या हिरवळीवर एक अगदी जवळचा टोला चुकवून ओपन अजिंक्यपदाच्या फेरसामन्यातील स्थान एका टोल्याने गमावले. लोक हसले, व्यंगचित्रे निघाली. परंतु नियमसंस्थांनी भुवईही उंचावली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. डीगेलची आकृती कितीही विक्षिप्त असली तरी तो रेषेला आडवाच उभा होता. विक्षिप्तपणास गोल्फने कधी हरकत घेतली नाही; हरकत घेतली ती दिशा बदलण्यास.

ह्या ठिकाणी क्रिकेटच्या इतिहासाशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. क्रिकेटमध्येही हात किती उंच न्यावा ह्यावरून एकोणिसाव्या शतकात मोठे रणकंदन झाले. १८६२ साली ओव्हल मैदानावर एडगर विल्शर ह्याचे चेंडू हात खांद्यावर गेल्याच्या कारणाने लागोपाठ अवैध ठरविण्यात आले. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, खांद्यावरून गोलंदाजी करण्यास एम. सी. सी. ने मुभा दिली. खेळाडूंच्या शरीराने जो मार्ग शोधला तो नियमाने मागाहून मान्य केला. गोल्फमध्ये क्रम उलटा झाला. शतकभर मुभा असलेली गोष्ट तिचा उपयोग प्रसिद्ध खेळाडूने करून दाखविताच काढून घेण्यात आली.

तो खेळाडू सॅम स्नीड. १९१२ साली व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात जन्मलेल्या ह्या माणसाचा लांब टोला सौंदर्याचा आदर्श मानला जात असे. अमेरिकेच्या व्यावसायिक मंडळाच्या स्पर्धांत त्याने ८२ विजय मिळविले. तथापि राष्ट्रीय ओपन अजिंक्यपद त्यास आयुष्यात एकदाही लाभले नाही. १९४७ साली सेंट लुइस येथे ते हाताशी आले होते. ल्यू वर्शमबरोबरच्या फेरसामन्यात अठराव्या हिरवळीवर दोघांचे गुण समान होते, आणि दोघांचेही चेंडू खळग्यापासून जेमतेम अडीच फुटांवर होते. स्नीड टोला मारण्यास वाकला असता वर्शमने कोणाचा चेंडू अधिक दूर आहे अशी शंका काढली. फीत आणून मोजणी झाली : स्नीडचे अंतर साडेतीस इंच, वर्शमचे साडेएकोणतीस. पाळी स्नीडचीच निघाली. तो पुन्हा वाकला आणि चुकला. वर्शमने आपला चेंडू घातला. ६९ विरुद्ध ७० असा निकाल लागला.

स्नीडच्या हातांना पुढे जो विकार जडला त्यास गोल्फच्या बोलीत ‘यिप्स’ म्हणतात. हा शब्द टॉमी आर्मर ह्या खेळाडूने रूढ केला असे मानले जाते. टोला मारण्याच्या नेमक्या क्षणी मनगटास किंवा बोटांना अनिच्छेने आचका बसतो. तीस फुटांवरून हात निमूट चालतो आणि दोन फुटांवर बंड करतो. सहा वेळा ओपन जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनलाही क्षयाच्या आजारानंतर ह्याच्याशी मिळत्याजुळत्या व्यथेने ग्रासले होते. बेन होगनचा उत्तरकाळ त्याने झाकोळला. हा केवळ भित्रेपणा आहे असे पूर्वी समजत. त्याच त्या सूक्ष्म हालचाली वर्षानुवर्षे करणाऱ्या लेखनिकांना व वादकांना जसा स्नायूंचा विकार होतो तशा जातीचा तो निदान काही खेळाडूंमध्ये असतो, हे पुढील वैद्यकीय अभ्यासाने दाखवून दिले आहे. ह्या विकारावर एक परिणामकारक उतारा म्हणजे हालचालीची जुनी सवयच मोडून टाकणे. पकड बदलावी, काठी बदलावी, नाहीतर उभे राहण्याची दिशाच बदलावी.

जुलै १९६६ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे पी. जी. ए. अजिंक्यपदाची स्पर्धा होती. स्नीड चौपन्न वर्षांचा होता आणि आरंभीच्या फेऱ्यांत अग्रस्थानाच्या आसपास खेळत होता. तिसऱ्या फेरीत एका आखूड टोल्याच्या वेळी हातास असा आचका बसला की चेंडूस काठी दोनदा लागली. त्यानंतर त्याने तडकाफडकी निर्णय घेतला. खळग्याकडे तोंड केले, चेंडू दोन पायांच्या मध्ये घेतला, एक हात दांड्याच्या वरच्या टोकाशी व दुसरा बराच खाली धरला आणि क्रोके खेळणाऱ्याप्रमाणे पटर पायांमधून झुलविला. ह्या रीतीने खेळूनही तो त्या स्पर्धेत पहिल्या दहांत राहिला. ही रीत त्याने शोधलेली नव्हती. बॉब ड्यूडनसारखे काही खेळाडू ती आधीपासून वापरीत होते. परंतु सामान्य खेळाडूने केलेला चमत्कारिक प्रकार आणि जगातील सर्वांत देखण्या टोल्याचा मानकरी तोच प्रकार करीत आहे हे दृश्य ह्यांत फार अंतर असते. १९६७ च्या मास्टर्स स्पर्धेत स्नीड ह्याच पवित्र्याने खेळून संयुक्त दहावा आला.

ऑगस्टा येथील त्या स्पर्धेचा संस्थापक बॉबी जोन्स ह्यास हे दृश्य रुचले नाही. हे काही गोल्फसारखे दिसत नाही, असे त्याने स्नीडला सुनावले, आणि खेळाडू कसा दिसला हे कोणी विचारीत नाही, किती टोले लागले एवढेच विचारतात, असे उत्तर स्नीडने दिले, अशी हकीकत सांगतात. संवाद शब्दशः असाच झाला असेल वा नसेल. दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यात चपखल उतरले आहे. जोन्स हा त्या काळी गोल्फच्या सदसद्विवेकबुद्धीचा जणू मूर्तिमंत अवतार मानला जात असे आणि त्याच्या नापसंतीचे वजन मोठे होते. येथे एका करुण विरोधाभासाकडे दुर्लक्ष करवत नाही. मज्जारज्जूच्या दुर्धर विकारामुळे जोन्सला स्वतःला १९४८ नंतर काठी धरता आली नव्हती. शरीर साथ सोडते म्हणजे काय होते हे जाणणारा त्याच्यासारखा दुसरा साक्षीदार नव्हता. तरीही खेळाच्या रूपाविषयीची त्याची निष्ठा ढळली नाही. त्यास निष्ठुर म्हणता येणार नाही. आपल्याला जे सोडावे लागले ते दुसऱ्याने बदललेल्या रूपात चालू ठेवू नये, अशी काहीशी ती कठोर पण स्वतःलाही लागू केलेली भूमिका होती.

नियमसंस्थांनी १९६८ च्या सुधारणेत दोन उपाय एकदम योजले. एक म्हणजे आरंभी उल्लेखिलेले पवित्र्याचे कलम. दुसरा, पटरचा दांडा उभ्या रेषेपासून किमान दहा अंशांनी कललेला असलाच पाहिजे, हा दंडक. दुसऱ्या उपायाचे मर्म सूक्ष्म आहे. पायांमधून झुलवावयाचा पटर अगदी सरळ उभा असावा लागतो. दांडा तिरपा असला म्हणजे लंबकाची शुद्ध गती साधत नाही. अमेरिकन संस्थेचे कार्यकारी संचालक जोसेफ डे ह्यांच्या प्रतिपादनाचा रोख असा होता की, ह्या तऱ्हांमुळे गोल्फ हा गोल्फ न राहता दुसराच कोणता तरी खेळ होऊ लागला होता. क्रोके-पवित्र्याने टोल्यांची संख्या किती घटते ह्याचा हिशेब ह्या बंदीचा आधार नव्हता. तसा हिशेब मांडणे सोपेही गेले नसते, कारण स्नीडला त्या पवित्र्याने विजय मिळवून दिला नव्हता. त्याचा अखेरचा मोठा विजय १९६५ सालचा, ग्रीन्सबरो येथील, आणि तो रूढ पवित्र्यानेच मिळालेला होता. त्या वेळी तो बावन्न वर्षांचा होता. थोडक्यात, बंदीचा आधार लाभाचा नव्हता, रूपाचा होता. ‘रूप’ हा नियमाचा आधार होऊ शकत नाही असे नाही. प्रत्येक खेळ आपली अडचण स्वतःच निर्माण करतो व ती अडचण हेच त्याचे स्वरूप असते. आडवे उभे राहून नेम धरणे ही गोल्फची अडचण आहे असे म्हटले तर त्याचे खंडन करणे कठीण. मात्र तसे असेल तर ते १७४४ पासून कोणी लिहून का ठेवले नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर नियमकारांजवळ नव्हते. आव्हान मिळेपर्यंत ते गृहीत होते, एवढेच म्हणता येते.

स्नीडने कलमाचे अक्षर पाळले आणि आशयास वळसा घातला. रेषेच्या दोहों बाजूंस पाय नको ना, मग दोन्ही पाय एकाच बाजूस! तोंड खळग्याकडेच ठेवून, दोन्ही पावले जवळजवळ जुळवून तो रेषेच्या कडेला उभा राहू लागला आणि पटर उजव्या अंगाने पुढे नेऊ लागला. घोड्यावर एका बाजूस पाय सोडून बसणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीवरून ह्यास ‘साइड-सॅडल’ हे नाव पडले. दांड्याच्या सक्तीच्या तिरपेपणामुळे ही रीत क्रोकेइतकी सहज नव्हती. परंतु ती बंदीत बसत नव्हती. ह्या पवित्र्याने १९७४ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तो पी. जी. ए. अजिंक्यपदाच्या स्पर्धेत संयुक्त तिसरा आला. त्याच्या पुढे होते ते ली ट्रेव्हिनो आणि जॅक निक्लॉस. १९७९ मध्ये क्वाड सिटीज स्पर्धेत सदुसष्टाव्या वर्षी त्याने एका फेरीत ६७ आणि दुसऱ्या एका फेरीत ६६ टोले घेतले. आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी टोल्यांत फेरी संपविण्याचा पराक्रम त्या मंडळाच्या स्पर्धांत तोपर्यंत कोणी केला नव्हता.

ह्यानंतरचा शोध पवित्र्याच्या दिशेतून काठीच्या लांबीत शिरला. चार्ली ओवेन्स हा फ्लोरिडाचा कृष्णवर्णीय खेळाडू सैन्यात असताना छत्रीउडीच्या अपघातात सापडला व त्याचा गुडघा कायमचा ताठ झाला. वाकणे अशक्य, त्यातच यिप्सचा उपद्रव. त्याने बावन्न इंचांचा पटर करवून घेतला, त्याचे वरचे टोक छातीशी टेकविले आणि सरळ उभे राहून १९८६ साली ज्येष्ठ खेळाडूंच्या दोन स्पर्धा जिंकल्या. ऑर्विल मूडीने १९८९ साली लांब पटरनेच ज्येष्ठांचे राष्ट्रीय ओपन मिळविले. ही मंडळी उतरत्या वयाची असल्यामुळे कोणी विशेष हरकत घेतली नाही. म्हाताऱ्यांच्या हातची काठी म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. तरुण खेळाडूंकडे ती जाण्यास वेळ लागला, पण ती गेली. रॉको मेडिएटने १९९१ मध्ये डोराल येथे लांब पटरने विजय मिळविला. पुढे पोटाशी टेकविण्याचा मध्यम लांबीचा पटर आला. २०११ च्या पी. जी. ए. स्पर्धेत कीगन ब्रॅडली हा तो वापरून चार मुख्य अजिंक्यपदांपैकी एक मिळविणारा पहिला खेळाडू ठरला. २०१२ मध्ये वेब सिम्प्सन आणि एर्नी एल्स, २०१३ मध्ये ॲडम स्कॉट; तीन वर्षांत चार अजिंक्यपदे टेकविलेल्या काठीकडे गेली. २०१३ च्या मास्टर्समध्ये चीनचा ग्वान त्यानलांग हा चौदा वर्षांचा मुलगा असाच पटर घेऊन खेळला. जी काठी व्याधिग्रस्तांचा आधार होती ती आता विद्यार्थ्याच्या पहिल्या दप्तरात आली, हे पाहून नियमकार जागे झाले असल्यास नवल नाही.

२८ नोव्हेंबर २०१२ रोजी दोन्ही संस्थांनी बंदीचा प्रस्ताव मांडला. २१ मे २०१३ रोजी तो कायम केला. १ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला. काठीच्या लांबीस हात न लावता, काठी किंवा ती धरणारा हात शरीराशी टेकवून ठेवण्यास मनाई करण्यात आली. काठी दंडाखालच्या बाहूस टेकविण्याची मात्र मोकळीक राहिली. हा निर्णय आकडेवारीवर आधारलेला नाही, टोल्याच्या स्वरूपावर आधारलेला आहे, असे ह्या वेळी उघडपणे सांगण्यात आले. १९६८ साली जे अध्याहृत होते ते आता तत्त्व म्हणून मांडले गेले : दोन्ही हातांनी, मोकळ्या अवस्थेत, सबंध काठी झुलविणे म्हणजे टोला. अमेरिकन व्यावसायिक मंडळाने आरंभी विरोध केला व मागाहून तो सोडला. टिम क्लार्कसारख्या खेळाडूची अडचण निराळी होती. जन्मजात दोषामुळे त्याचे हात कोपरापासून पुरते वळत नाहीत. टेकविलेला पटर ही त्याची हौस नव्हती.

ह्या संदर्भात एका न्यायालयीन निर्णयाचा उल्लेख आवश्यक आहे, जरी त्याचा पटिंगशी साक्षात संबंध नाही. केसी मार्टिन ह्या खेळाडूस पायाच्या रक्ताभिसरणाच्या विकारामुळे चालणे धोक्याचे होते. स्पर्धेत गाडी वापरण्याची परवानगी त्यास मंडळाने नाकारली. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने कौल दिला. बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीव्हन्स ह्यांनी गोल्फच्या जुन्या नियमांचा मागोवा घेऊन, ह्या खेळाचे सार चेंडू टोलविण्यात आहे, चालण्यात नाही, असा निष्कर्ष काढला. ह्या निर्णयाने मार्टिनची गाडी वाचली, परंतु त्याच युक्तिवादाने क्लार्कची बाजू दुबळी होते. सार टोल्यातच असेल तर टोल्याची व्याख्या करण्याचा अधिकार नियमसंस्थांचाच ठरतो, आणि व्याख्येत दुर्बलास सवलत मागता येत नाही. १९८० नंतरच्या दशकात ओवेन्सने एकाच वेळी गाडीही मागितली होती आणि लांब पटरही वापरला होता. ह्या दोन गोष्टी कायद्याच्या दोन वेगळ्या कप्प्यांत पडतात, हे त्याच्या ताठ गुडघ्यास समजण्याचे कारण नव्हते.

खळग्याकडे तोंड करण्याची कल्पना मात्र अधूनमधून डोके वर काढीत राहिली. ब्रायसन डेशॅम्बो ह्या पदार्थविज्ञानाच्या पदवीकडे ओढा असलेल्या खेळाडूने २०१६ च्या अखेरीस साइड-सॅडल रीतीचा प्रयोग केला. त्याच्या खास पटरला अमेरिकन संस्थेने संमती नाकारली आणि २०१७ च्या आरंभी त्याने तो नाद सोडला. पुढे बाहूस काठी टेकविण्याच्या वैध रीतीने खेळून २०२० मध्ये त्याने राष्ट्रीय ओपन जिंकले. २०१९ च्या नव्या नियमावलीत १९६८ चे कलम हिरवळीपुरते न ठेवता सबंध मैदानास लागू करण्यात आले, आणि त्यात ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द आला. दुसऱ्या खेळाडूची रेषा तुडविली जाऊ नये म्हणून कोणी आपल्या रेषेवर पाय टाकून उभा राहिला तर त्यास दंड नाही. सौजन्यास दिलेली ही सूट गोल्फच्या स्वभावास धरून आहे.

हेतूचा हा शब्द टेकविण्याच्या कलमातही आहे, आणि त्याने जी अडचण उभी केली ती बर्नहार्ट लँगरच्या बाबतीत दिसून आली. ह्या जर्मन खेळाडूस तरुणपणापासून यिप्सने छळले होते. १९८५ च्या मास्टर्समध्ये आखूड टोल्यांसाठी त्याने हातांचा क्रम उलटा धरला होता. १९९३ साली तीच स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकताना तो उजव्या हाताने डावा बाहू आणि पटरचा दांडा एकत्र आवळून धरीत असे. त्यानंतर त्याने लांब पटर स्वीकारला. २०१६ च्या बंदीनंतर त्याने तो टाकला नाही. वरचा हात छातीपासून किंचित दूर ठेवून तो तसाच खेळत राहिला. हात व सदरा ह्यांमध्ये खरोखर अंतर आहे की नाही, ह्याची चर्चा दूरचित्रवाणीवरील चित्रे थांबवून थांबवून केली गेली. २०१७ च्या जुलैमध्ये अमेरिकन संस्थेने खुलासा केला की, कपड्याचा स्पर्श झाला एवढ्याने भंग होत नाही, हात मुद्दाम टेकविला असला पाहिजे, आणि लँगरच्या बाबतीत तसा पुरावा नाही. पाऊल कोठे आहे हे पंचास दिसते. हेतू कोठे आहे हे खेळाडूच सांगू शकतो. २ जुलै २०२३ रोजी विस्कॉन्सिनमध्ये ज्येष्ठांचे राष्ट्रीय ओपन लँगरने पासष्टाव्या वर्षी जिंकले. ज्येष्ठांच्या स्पर्धांतील तो त्याचा शेहेचाळिसावा विजय असून त्याने हेल अर्विनचा पंचेचाळीस विजयांचा उच्चांक मागे टाकला. त्या दिवशीही त्याच्या हाती लांब पटरच होता.